मिरजेचा फलाट आणि जपानची आगगाडी

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही उभयतां जपानला जायचे ठरवले आहे. हे वाक्य लिहिताना माझे मलाच हसू येते. पंचावन्न वर्षे उलटून गेली, पण शाळेची सहल घेऊन दिल्ली-आग्र्याला गेलो तोच माझा सर्वांत लांबचा प्रवास. मुलगी बंगळूरला नोकरी करते. कामानिमित्त ती दोनदा जपानला जाऊन आली. ती म्हणाली, "बाबा, टूर कंपनीबरोबर जा. ते सगळे बघतात. तुम्ही नुसते बसमध्ये बसायचे." मी म्हटले, बसमध्येच बसायचे असेल तर गोकाकचा धबधबा काय वाईट आहे? जपानला जायचे तर आगगाडीने फिरायचे, आणि गाड्या मी स्वतः जुळवणार.

तेव्हापासून गेले सहा महिने आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर एक वही पडून आहे. तिच्यात टोकियो, योकोहामा, क्योतो, ओसाका, हिरोशिमा अशी गावे, मुलीने छापून पाठवलेला रेल्वेचा नकाशा, आणि खाडाखोड. पण इतिहासाच्या मास्तराने वेळापत्रक हाती धरले की दुसरे काय होणार? अमुक गाडी इथे का थांबते, तमुक ठिकाणी गाडी का बदलावी लागते, हे विचारत विचारत मी पार १८७० सालापर्यंत मागे गेलो. प्रवासाची आखणी बाजूला राहिली आणि हा लेख झाला.

त्याचे मूळ मात्र जपानात नाही, मिरजेत आहे. आमच्या पिढीतल्या बेळगावकरांना वेगळे सांगायला नको. मामा पुण्याला, म्हणून दरवर्षी मे महिन्यात आमची स्वारी निघे. बेळगावहून मीटरगेजची गाडी, ती मिरजेला संपायची. तिथे उतरायचे, ट्रंक, वळकटी, पाण्याची सुरई, लोणच्याची बरणी हे सगळे हमालाच्या डोक्यावर आणि आमच्या हाती देऊन आई-वडील पुण्याच्या ब्रॉडगेज गाडीकडे धावायचे. बाजूला पंढरपूरकडे जाणारी बार्शी लाइनची चिमुकली नॅरोगेज उभी असायची. एकाच स्टेशनात तीन रुंदीचे रूळ! मी वडिलांना विचारले होते, "आपली गाडी सरळ पुण्याला का जात नाही?" ते म्हणाले, "पूर्वी जायची." त्यांचे म्हणणे खरे होते. १९७१ पर्यंत पुणे-मिरज मार्गही मीटरगेजच होता. तो रुंद झाला, मुंबईकरांची आणि कोल्हापूरकरांची सोय झाली, आणि आमच्या वाट्याला मिरजेचा फलाट आला. नव्वदीच्या दशकात आमचाही मार्ग रुंद झाला आणि ही धावपळ थांबली.

आता जपानच्या नकाशात मला पहिले कोडे पडले ते असेच. टोकियोहून निघालेली बुलेट ट्रेन, जिला ते शिनकानसेन म्हणजे 'नवी मुख्य वाहिनी' म्हणतात, ओसाका शहराला जाते, पण ओसाका स्टेशनात जात नाही. ती नदीच्या अलीकडे शिन-ओसाका नावाच्या स्टेशनात थांबते. 'शिन' म्हणजे नवे. तिथे उतरून जुन्या रेल्वेने ओसाकाला जायचे. योकोहामाचे तेच, शिन-योकोहामा. कोबेचे तेच, शिन-कोबे, डोंगराच्या पायथ्याशी. जगातली सर्वांत नेटकी म्हणवणारी रेल्वे, आणि तिथेही मिरज!

कारण एकच, रुळांची रुंदी.

बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी गेली १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, अमेरिकेचा कमोडोर पेरी आपल्या आगबोटी घेऊन दुसऱ्यांदा जपानला गेला, तेव्हा त्याने भेट म्हणून वाफेवर चालणारी एक छोटी आगगाडी नेली होती. खऱ्या गाडीच्या पाव आकाराची. योकोहामाला किनाऱ्यावर गोल रूळ टाकून ती चालवून दाखवली. डब्यात माणूस मावत नव्हता, तर जपानी अधिकारी टपावर बसले आणि अंगरखे फडफडवत फेऱ्या मारू लागले, असे त्या वेळच्या अमेरिकनांनी लिहून ठेवले आहे. इकडे ठाण्याला खरी गाडी सुरू झालेली, तिकडे दोन तलवारी कमरेला लावलेले सरदार खेळण्यावर बसलेले. पुढे दीडशे वर्षांत काय उलटापालट झाली ती आपण पाहतोच आहोत.

१८६८ मध्ये तिथे मेइजी राजवट आली आणि नव्या सरकारने रेल्वे बांधायचे ठरवले. पैसा नव्हता. लंडनच्या बाजारात दहा लाख पौंडांचे कर्ज उभारले, तेही नऊ टक्के व्याजाने. इंजिनियर इंग्रज, इंजिने इंग्रज, ड्रायव्हर इंग्रज. मुख्य इंजिनियर एडमंड मोरेल हा तिशीच्या आतला तरुण १८७० मध्ये आला. रुळांची रुंदी किती ठेवायची हा प्रश्न निघाला, तेव्हा सरकारच्या वतीने ओकुमा शिगेनोबू यांनी साडेतीन फूट, म्हणजे १०६७ मिलिमीटर, मान्य केली. इंग्लंडात तेव्हा १४३५ मिलिमीटरचे रूळ होते, आपल्या ब्रॉडगेजचे १६७६. पण जपान डोंगराळ, वळणे फार, देश गरीब. अरुंद रूळ स्वस्त पडतात. हेच ओकुमा पुढे पंतप्रधान झाले, वासेदा विद्यापीठाचे संस्थापक म्हणून नावाजले. हा आपला मोठा प्रमाद होता, रुंदी म्हणजे काय हेच तेव्हा मला नीट कळत नव्हते, अशा अर्थाची कबुली त्यांनी उतारवयात दिल्याचे सांगतात.

त्यांना एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. कारण त्याच १८७० साली आपल्याकडे व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या सरकारने तोच हिशेब मांडला आणि खर्च वाचवण्यासाठी मीटरगेज मुक्रर केले. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर आपल्या भागात धान्य पोचवायला रेल्वे हवी म्हणून दक्षिण मराठा रेल्वे आखली गेली, ती या मीटरगेजवर. बेळगावला गाडी आली ती १८८० च्या दशकात. म्हणजे मिरजेला माझ्या आईने उचललेली लोणच्याची बरणी आणि शिन-ओसाकाला आम्हाला बदलावी लागणारी गाडी, दोन्हींच्या मुळाशी एकाच वर्षातली काटकसर आहे.

पहिली जपानी गाडी टोकियोतील शिंबाशीपासून योकोहामापर्यंत धावली १४ ऑक्टोबर १८७२ रोजी. स्वतः सम्राट मेइजी गाडीत बसले. अंतर सुमारे २९ किलोमीटर, वेळ ५३ मिनिटे. जपानात १४ ऑक्टोबर हा रेल्वेचा दिवस म्हणून पाळतात, आणि आमची दसऱ्याची सुट्टी ऑक्टोबरातच पडते हा आमच्या आखणीतला शुभशकुन. खरे तर आधी मी मे महिना योजला होता, पण २९ एप्रिल ते ५ मेच्या सुमारास तिथे लागोपाठ सुट्ट्या येतात, सगळा देश प्रवासाला निघतो आणि जागा मिळणे मुश्किल होते असे कळले. तेव्हा मे महिना रद्द.

या पहिल्या मार्गाचीही गंमत आहे. लष्करी खात्याने समुद्रकाठची आपली जागा द्यायला साफ नकार दिला. मग रेल्वेवाल्यांनी काय करावे? त्यांनी उथळ समुद्रातच दगडी बांध घातला, पावणेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचा, आणि त्यावरून गाडी नेली. पुढे समुद्र बुजवला गेला, बांध जमिनीखाली गडप झाला. २०१९ मध्ये ताकानावा भागात नव्या इमारतींसाठी खोदकाम करताना तो पुन्हा वर आला. सरकारी खात्यांची आपापसांतली भांडणे सगळीकडे सारखीच, पण दीडशे वर्षांनी पाहायला मिळावे असे काही त्यातून क्वचितच उरते.

मोरेलने ती गाडी पाहिली नाही. क्षयाने तो १८७१ च्या नोव्हेंबरात योकोहामाला वारला, आणि त्यानंतर काही तासांतच त्याची पत्नीही गेली. रुळांखालचे स्लीपर इंग्लंडहून लोखंडाचे न मागवता इथल्याच लाकडाचे करा, आणि आपल्याच मुलांना इंजिनियर करा, असा सल्ला या इंग्रजाने जपान्यांना दिला होता. तो त्यांनी इतका मनावर घेतला की १८८० मध्ये क्योतो-ओत्सु मार्गावरचा बोगदा जपानी इंजिनियरांनी परक्या देखरेखीशिवाय पुरा केला. आमच्या वहीत टोकियोच्या दुसऱ्या दिवशी 'योकोहामा, परदेशीयांची दफनभूमी, मोरेल' अशी नोंद आहे. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, इतके पैसे खर्च करून थडगी बघायची?" त्यांच्यासाठी त्याच दिवशी चिनी बाजार धरला आहे.

त्या काळाविषयी आणखी एक सांगितले पाहिजे. रेल्वे सुरू झाली तेव्हा जपानी माणसाला मिनिट ठाऊकच नव्हते. दिवसाचे सहा भाग, रात्रीचे सहा भाग. उन्हाळ्यात दिवसाचे भाग मोठे, हिवाळ्यात लहान. आपल्या घटका-पळांपेक्षाही ढिले काम. रेल्वे आल्यावर अडीच महिन्यांतच, १ जानेवारी १८७३ पासून, सरकारने इंग्रजी पंचांग आणि चोवीस सारख्या तासांचा दिवस लागू केला. पहिल्या गाडीत चढताना काही जणांनी घरात शिरावे तशी पादत्राणे फलाटावर काढून ठेवली आणि उतरल्यावर ती कुठे गेली म्हणून शोधू लागले, अशी आख्यायिका आहे. आज अर्ध्या मिनिटाचा उशीर झाला तरी ज्यांची रेल्वे क्षमा मागते, त्यांच्या पणजोबांची ही कथा.

टोकियोहून क्योतो-ओसाकाकडे जाणारा जुना राजमार्ग म्हणजे तोकाइदो. त्यावर त्रेपन्न मुक्काम होते, पायी जायला दोन आठवडे लागत. हिरोशिगे या चित्रकाराने ते मुक्काम चित्रांतून अजरामर केले. १८८९ मध्ये टोकियो ते कोबे सलग रेल्वे झाली तेव्हा दोन आठवड्यांचे काम वीस तासांवर आले. १९३० मध्ये 'त्सुबामे' म्हणजे 'पाकोळी' नावाची जलद गाडी सुरू झाली, ती कोबेला नऊ तासांत पोचू लागली. आपली डेक्कन क्वीनही त्याच वर्षीची, १ जून १९३०. पण अरुंद रुळांवर याहून फारसा वेग निघणे कठीण होते. गोतो शिन्पेइंसारखे मंत्री आणि शिमा यासुजिरो यांच्यासारखे इंजिनियर कंठशोष करीत होते की रूळ रुंद करा. १९१७ मध्ये प्रयोगही झाले. पण राजकारण्यांना आपापल्या जिल्ह्यात नवे मार्ग हवे होते. आहे त्या रुळांची रुंदी वाढवून मते मिळत नाहीत! योजना बासनात गेली.

याच मार्गावर आतामीजवळ तान्ना नावाचा बोगदा आहे. १९१८ मध्ये खोदायला घेतला, सात वर्षांत होईल म्हणाले, सोळा लागली. भूकंप, ढासळलेली माती आणि आत धो-धो घुसणारे पाणी यांत सदुसष्ट माणसे मेली. डोंगरावरच्या तान्ना खोऱ्यातले सगळे झरे या बोगद्याने शोषून घेतले आणि वरची भातशेती सुकली. १९३४ मध्ये गाडी आतून गेली. आमची गाडी जाईल ती शेजारच्या नव्या तान्ना बोगद्यातून, दोनेक मिनिटांचा अंधार. तेवढा वेळ खिडकीशी बोलणे बंद ठेवायचे, असे मी घरात सांगून ठेवले आहे.

त्या नव्या बोगद्याचे काम सुरू झाले होते ते युद्धाच्या धामधुमीत. १९४० मध्ये टोकियो ते शिमोनोसेकी अशी १४३५ मिलिमीटर रुंदीची 'बंदुकीच्या गोळीसारखी' गाडी मंजूर झाली. सैन्य आणि माल चीन-कोरियाकडे लवकर पोचावा हा हेतू. म्हणजे 'बुलेट ट्रेन' हे नाव निघाले ते या साम्राज्याच्या स्वप्नातून. युद्ध फिरले, काम थांबले, शिमा यासुजिरो १९४६ मध्ये वारले.

आणि मग या कथेत माझी आवडती दोन माणसे येतात. १९५५ मध्ये जपानी राष्ट्रीय रेल्वेच्या अध्यक्षपदी सोगो शिंजी आले. वय एकाहत्तर. आपल्याकडे या वयात माणसाला सत्काराची शाल देतात. त्यांनी यासुजिरोंचा मुलगा शिमा हिदेओ याला बोलावून घेतले. हिदेओ रेल्वे सोडून गेले होते. १९५१ मध्ये साकुरागिचो स्टेशनात गाडीला आग लागली, दारे उघडेनात, अरुंद खिडक्यांतून बाहेर पडता येईना, आणि शंभरावर माणसे आतच जळून मेली, त्यानंतर. तुझ्या वडिलांचे राहिलेले काम आहे, असे म्हणून सोगोंनी त्यांना परत आणले. त्या वेळी जाणकारांचे मत काय होते? रेल्वेचे दिवस संपले, आता मोटारी आणि विमाने. अमेरिकेत रेल्वे मोडीत निघत होती. सोगो-शिमांचे म्हणणे उलटे. जुन्या अरुंद रुळांना हात लावायचा नाही. त्यांच्या शेजारी टोकियो ते ओसाका पूर्ण वेगळे, रुंद रूळ टाकायचे, त्यांवर एकही फाटक नाही, मालगाडी नाही, फक्त वेगवान प्रवासी गाड्या.

अंदाज दिला सुमारे दोनशे अब्ज येनचा. खरा खर्च त्याच्या दुप्पट होणार हे सोगोंना आधीच ठाऊक होते, पण खरा आकडा सांगितला असता तर संसदेने योजना तिथेच मारली असती, म्हणून त्यांनी तो लपवला असे म्हणतात. शिवाय पुढच्या सरकारने काम अर्धवट सोडू नये म्हणून जागतिक बँकेचे आठ कोटी डॉलर्सचे कर्ज १९६१ मध्ये घेतले; कर्जाबरोबर काम पुरे करण्याची जबाबदारीही देशाच्या गळ्यात पडली. ही चलाखी झाली, आणि मुख्याध्यापक म्हणून मी मुलांना ती शिकवणार नाही. शाळेच्या खोल्यांचे अंदाजपत्रक करताना मात्र ती मला समजू शकते. हिशेब फुगला, ओरड झाली, आणि १९६३ मध्ये सोगो पायउतार झाले. पाठोपाठ शिमांनीही राजीनामा दिला.

१ ऑक्टोबर १९६४, टोकियो ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, पहाटे सहाला पहिली शिनकानसेन सुटली. ५१५ किलोमीटर, चार तास, पुढच्या वर्षीपासून तीन तास दहा मिनिटे. त्या फलाटावरच्या समारंभाला सोगो आणि शिमा नव्हते. त्यांना रेल्वेने बोलावलेच नव्हते. ज्यांनी ती गाडी निर्माण केली त्यांनी ती सुटताना दूरचित्रवाणीवर पाहिली.

आता शिन-ओसाकाचे कोडे सुटले. नवे रूळ सरळ रेषेत हवे होते, जुन्या दाट शहरांच्या पोटात शिरायचे तर वळणे आली, जमिनीचे भाव आले. म्हणून स्टेशने शहराबाहेर, शिन-योकोहामा तर त्या वेळी भाताच्या शेतांत. आपण १९९२ पासून 'युनिगेज' म्हणून जुने रूळ उखडून सगळे एका रुंदीचे करत आलो. त्यांनी जुने तसेच ठेवून नवे टाकले. कोणते शहाणपणाचे? आपली गरज वेगळी होती, आपला पैसा वेगळा होता. पण मिरजेचा फलाट आपण संपवला, त्यांनी तो ठेवला आणि तिथे सरकते जिने बसवले, असे मला वाटते.

वहीत दुसरीही एक सीमारेषा मी लाल शाईने ओढली आहे. आपण सीमाभागातले लोक, आपल्याला रेघांचे वेड असणारच. टोकियोने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची यंत्रे जर्मनीतून आणली, ती पन्नास हर्ट्झची. ओसाकाने अमेरिकेतून आणली, ती साठ हर्ट्झची. आजही फुजी नदीच्या आसपास देशाची वीज बदलते. शिनकानसेन मात्र टोकियोपासून साठवरच धावते, त्यासाठी वाटेत वीज बदलून देणारी केंद्रे बांधली आहेत. दोन कारकुनांनी दोन कारखान्यांना ऑर्डर दिली, आणि देशाचे दोन भाग झाले. नकाशावरच्या काही रेघा अशाही पडतात. त्याच परिसरात, टोकियो सोडल्यावर पाऊण तासाने, उजव्या हाताला फुजी पर्वत दिसतो. म्हणून सौ.साठी 'ई' क्रमांकाची खिडकी. ढग असतील तर दोष माझा नाही हेही आधीच कबूल करून घेतले आहे.

तिकिटांचा हिशेब करताना राष्ट्रीय रेल्वेचे काय झाले ते कळले. नवे मार्ग, तोट्यातले जुने मार्ग, राजकारण, या सगळ्यांत तिच्या डोक्यावर सदतीस लाख कोटी येनचे कर्ज झाले, आणि १ एप्रिल १९८७ रोजी तिचे तुकडे करून सहा प्रवासी कंपन्या आणि एक मालवाहू कंपनी केली. परदेशी पाहुण्यांसाठी सगळीकडे चालणारा पास मात्र त्याआधीचा, १९८१ चा. जो जपानला जाऊन आला तो 'पास काढा' असेच सांगतो. पण २०२३ च्या ऑक्टोबरात सात दिवसांच्या साध्या पासची किंमत २९,६५० येनवरून एकदम ५०,००० झाली. टोकियो ते हिरोशिमा एका बाजूचे भाडे वीस हजार येनच्या आतबाहेर. क्योतो-ओसाका वाटेवरच. जाऊन येऊन चाळीस हजार. म्हणजे आमच्यासारख्यांना पास न काढणेच परवडते. ऐकीव सल्ला घेताना साल विचारावे, एवढे इतिहासाने मला शिकवलेच होते. आणखी एक, तिकिटे दोन असतात, एक प्रवासाचे आणि एक वेगाचे. दोन्ही जपून ठेवायची. मोठी बॅग असेल, तिन्ही बाजूंची बेरीज १६० सेंटिमीटरच्या वर जात असेल, तर मे २०२० पासून तिच्यासाठी मागची जागा आधी राखून ठेवावी लागते. लोणच्याची बरणी नेणार नाही.

गाड्या जुळवताना मला प्रथम फार मौज वाटली. मात्सुमोतो सेइचो यांची १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आलेली एक गाजलेली रहस्यकादंबरी आहे, तिचा सारा डाव टोकियो स्टेशनातल्या चार मिनिटांवर उभा आहे. तेवढी चारच मिनिटे एका फलाटावरून दुसरा फलाट मोकळा दिसतो. ज्या देशात वेळापत्रकावर कादंबरी उभी राहते तिथे दहा मिनिटांत गाडी बदलायला काय हरकत आहे? मी बदलाला आठ-आठ मिनिटे धरत गेलो.

मग आमागासाकीची हकिगत वाचली आणि हात थबकला. २५ एप्रिल २००५. ओसाकाजवळची साधी, जुन्या रुळांवरची, सकाळची लोकल. ड्रायव्हर तेवीस वर्षांचा. आधीच्या स्टेशनात त्याची गाडी फलाटाच्या पुढे गेली, मागे घ्यावी लागली, आणि सव्वा-दीड मिनिटाचा उशीर झाला. उशीर करणाऱ्या चालकांना त्या कंपनीत 'पुनःशिक्षणा'ला पाठवत; तिथे दिवसेंदिवस चुकीचे निबंध लिहून घेत, पाणउतारा करत. तो मुलगा एकदा त्यातून गेलेला होता. ती सव्वा मिनिटे भरून काढायला, किंवा त्या भीतीने बावरून, त्याने ताशी सत्तरची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी ताशी एकशे सोळाच्या वेगाने घातली. डबे एका इमारतीवर जाऊन आदळले. एकशे सहा प्रवासी आणि तो स्वतः, सगळे गेले.

शिनकानसेनचा लौकिक असा की १९६४ पासून घसरून किंवा टक्कर होऊन तिच्यात एकही प्रवासी मेलेला नाही. २०११ च्या भूकंपातही नाही. ते खरे आहे आणि थोर आहे. पण त्याच वेळापत्रकाच्या दुसऱ्या टोकाला हा तेवीस वर्षांचा मुलगा आहे. मी पंचवीस वर्षे शाळेच्या फाटकात उभा आहे. घंटेनंतर येणाऱ्या मुलांना मी ओणवे उभे केले आहे, 'मी उद्या वेळेवर येईन' हे शंभरदा लिहायला लावले आहे, आणि त्याचा मला अभिमानही होता. एकदा पावसाळ्यात एक मुलगा उशीर होईल म्हणून रस्ता न बघता धावत आला आणि सायकलखाली सापडला. हात मोडला, निभावले. त्या रात्री मला झोप आली नव्हती. आमागासाकी वाचताना तो मुलगा डोळ्यांपुढे आला. वहीतले आठ मिनिटांचे सगळे बदल खोडून मी पंचवीस मिनिटे केली आहेत.

हिरोशिमाला दोन दिवस आहेत. तिथे मला ट्राममध्ये बसायचे आहे. युद्धात पुरुष सैन्यात गेले, म्हणून तिथल्या ट्राम कंपनीने १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली. अर्धा वेळ शिक्षण, अर्धा वेळ ट्रामवर काम. चौदा ते सतरा वर्षांच्या मुली कंडक्टर झाल्या, चालकही झाल्या. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी त्यांतल्या कितीतरी कामावर होत्या. ज्या वाचल्या त्यांच्यापैकी काही जणी तीन दिवसांनी पुन्हा ट्रामवर उभ्या राहिल्या, कारण ९ ऑगस्टला, म्हणजे नागासाकीवर बॉम्ब पडला त्याच दिवशी, शहराच्या पश्चिमेच्या एका छोट्या तुकड्यावर ट्राम पुन्हा सुरू झाली. युद्ध संपल्यावर शाळा बंद झाली आणि त्या मुली आपापल्या गावी गेल्या. आमच्या शाळेच्या दहावीतल्या मुली त्याच वयाच्या आहेत. त्यांना ही गोष्ट मी प्रार्थनेनंतर सांगितली, तर एकीने विचारले, "सर, त्यांची परीक्षा झाली का?" मला उत्तर देता आले नाही.

परतीचा प्रवास हिरोशिमाहून टोकियो, एका दमात. आणि निघतानाचा दिवस. टोकियो स्टेशनात शिनकानसेनच्या अठरा-एकोणीस क्रमांकाच्या फलाटाच्या टोकाला सोगो शिंजींचा चेहरा कोरलेले एक छोटे शिल्प बसवलेले आहे. ज्या समारंभाला बोलावले नाही त्या समारंभाच्या जागी. गर्दीत ते बहुतेकांना दिसत नाही म्हणे. म्हणून वहीत त्या दिवशी लिहिले आहे : गाडी सुटण्याआधी चाळीस मिनिटे फलाटावर. सौ. विचारतात, "एवढा वेळ तिथे काय करायचे?" मी म्हटले, हमाल नाही, ट्रंक नाही, नुसते उभे राहू.